पंखा काढायच्या आधी हे वाचा
(बोटमालक आणि तांडेल मंडळींसाठी)

१ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठली की पहिल्या आठवड्यात आम्हाला एकच फोन येतो : "बोट थरथरतेय, पंखा वाकलाय, काढून न्या." पंखा (प्रोपेलर) वर्कशॉपात येतो, टेबलावर लावून बघावा तर सरळ. तोवर बोट परत वर घेण्याचा खर्च झालेला असतो आणि ऐन हंगामातले दोन दिवस गेलेले असतात.

म्हणून आधी एवढं करा. बोट जेट्टीला बांधा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि रेस वाढवा. तेव्हाही थरथर असेल तर पंख्याचा संबंध नाही. माउंटिंग, फाउंडेशनचे बोल्ट, डिझेल फवारणारे नोझल बघा. गिअर टाकल्यावरच हादरत असेल तर मात्र कपलिंगपासून (गिअर आणि पंख्याचा दांडा, म्हणजे शाफ्ट, यांचा सांधा) पंख्यापर्यंत कुठेतरी खोट आहे. जाळ्याचा तुकडा किंवा दोरी गुंडाळली गेलीय का, ते पहिलं बघा. पाण्यात उतरणार असाल तर इंजिन बंद आणि चावी स्वतःच्या खिशात.

आता आमचं खरं दुखणं. पावसाळ्यासाठी किनाऱ्यावर घेऊन शाकारलेली बोट ओंडक्यांवर बसते तेव्हा तिचा आकार वेगळा असतो, पाण्यात तरंगते तेव्हा वेगळा. लाकडी बोटीच्या फळ्या तर पाणी पिऊन फुगतात. बोट वर असताना केलेली अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं, हा नुसता अंदाज. बोट उतरवून एक-दोन दिवस झाले, डिझेल भरलं, की कपलिंगचे बोल्ट काढून पुन्हा मोजावं लागतं. शाफ्टचं टोक लोंबतं, ते उचलून मधोमध धरायचं आणि कपलिंगच्या दोन फ्लँजमधली (समोरासमोरच्या चकत्यांमधली) फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायची. फ्लँजच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), एवढाच फरक चालतो. म्हणजे ६ इंची फ्लँजला ६ थाऊ, साधारण ०.१५ मिलिमीटर. फरक जास्त असेल तर इंजिन सरकवायचं. बोल्ट आवळून फट मिटवू नका. फट दिसेनाशी होते, पण शाफ्ट वाकून फिरतो आणि मग शाफ्टचा रबर बुश, पाणी अडवणारा ग्लँड, गिअरचं बेअरिंग एकामागून एक जातात.

"एकदा केलं ना, मग दुसऱ्यांदा कशाला येता?" असं काही जण विचारतात. वरच्या कारणासाठीच येतो. अलाइनमेंटचं काम आमच्याकडे दिलं असेल तर जेट्टीवरच्या या दुसऱ्या फेरीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही. बर्फ भरून, खलाशी चढवून मग बोलावू नका, एवढंच म्हणणं. त्या घाईत मोजमाप होत नाही.

पंखा खरंच वाकला असेल तर ते बोट वर असतानाच कळतं. पात्याच्या टोकाशी एक खिळा रोवा आणि पंखा हाताने फिरवा. प्रत्येक पातं खिळ्यापासून तेवढ्याच अंतरावरून गेलं पाहिजे. एखादं जवळ-लांब जात असेल तर पंखा आमच्याकडे पाठवा, पण त्यावर हातोडा घालून नको. मागच्या वर्षी एकाने दगडावर ठेवून पातं सरळ केलं, ते मुळाशी तडकलं आणि दुरुस्तीचं काम नव्या पंख्यावर गेलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्याआधी नाव नोंदवलंत तर उतरवल्यानंतरची तारीख तुमच्या सोयीने देता येते. नंतर येणाऱ्यांना रांगेतला नंबर मिळतो.