शस्त्रपरवाना यंत्रणेवरील शासकीय देखरेख (बेळगाव सीमाभाग)

शस्त्रे हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे खानापूर (कर्नाटक) आणि चंदगड (महाराष्ट्र) या शेजारच्या तालुक्यांना 1959 चा एकच शस्त्र अधिनियम लागू आहे. परवाना देणारी कचेरी मात्र सरहद्द ओलांडताच बदलते. खानापूरचा अर्ज बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तर चंदगडचा कोल्हापूरला. जेथे पोलीस आयुक्त नेमलेला असतो तेथे कायद्याच्या व्याख्येनुसार तोच जिल्हादंडाधिकारी, म्हणजे परवाना देणारा अधिकारी, ठरतो, म्हणून बेळगाव शहरात हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे.

खानापूरच्या जंगलपट्टीत भात आणि ऊस राखण्यासाठी घरात ठासणीची बंदूक असे. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम 13 मध्ये आहे. मात्र या परवान्याने शिकारीची मुभा मिळत नाही. गवा शेतात शिरला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्याचे बंधन कायम राहते आणि बार काढायचा तो हुसकावण्यापुरताच. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा 3 वरून 2 वर आली आणि परवान्याची मुदत 3 ऐवजी 5 वर्षे झाली.

अर्ज आल्यावर जवळच्या ठाण्याचा अहवाल मागवावा लागतो, परंतु तो ठरलेल्या मुदतीत आला नाही तर प्राधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय देऊ शकतो. परवाना नाकारताना कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. सार्वजनिक हिताचा दाखला देऊन ती अर्जदारापासून राखून ठेवता येतात, आणि ही पळवाट बरीच रुंद आहे. नाकारण्याच्या, निलंबनाच्या वा रद्द करण्याच्या हुकमाविरुद्ध कलम 18 नुसार वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे अपील होते.

देखरेखीचा खरा पेच याच कलमात आहे. जो हुकूम शासनाने स्वतः किंवा त्याच्या निर्देशावरून काढलेला असतो, त्यावर अपील चालत नाही. म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांवर शासनाचा हात जितका घट्ट, तितकी परवानाधारकाची दाद मागण्याची वाट अरुंद. मग उरते ती उच्च न्यायालयातील रिट याचिका, जी बेळगाव जिल्ह्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठापुढे दाखल होते. कलम 17 नुसार केंद्र सरकार तर देशातील किंवा एखाद्या भागातील सर्व परवाने एका अधिसूचनेने स्थगित वा रद्द करू शकते.

गावकऱ्याला ही देखरेख जाणवते ती निवडणुकीत. कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीच्या निर्णयानंतर बंदूक ठाण्यात जमा होते, नळीला नावाची चिठ्ठी बांधली जाते आणि धन्याच्या हाती पावती पडते. दोन्ही राज्यांच्या विधानसभा निवडणुका वेगवेगळ्या वर्षी येत असल्याने खानापुरात बंदुका जमा होतात तेव्हा ओढ्यापलीकडच्या चंदगडातील बंदूक खुंटीवरच असते.