क्युबा: १९६२ची नाकेबंदी वेगळी, व्यापारी निर्बंध वेगळे

क्युबाची बाजू घेऊन कोणी बोलू लागलं की एक उत्तर हमखास येतं: ‘कसली नाकेबंदी? अमेरिकेची कोंबडी तर क्युबाच्या राजधानीत, हवानात, खुशाल विकली जाते!’ कोंबडीची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. दोन वेगळ्या गोष्टींची त्यात गल्लत होते: समुद्रात जहाजं अडवणारी नाकेबंदी आणि व्यापारी निर्बंध.

नाकेबंदी महिनाभरही टिकली नाही. सोव्हिएत क्षेपणास्त्रं क्युबात सापडल्यावर अमेरिकी अध्यक्ष केनेडींनी २२ ऑक्टोबर १९६२ रोजी ती जाहीर केली, २४ला ती लागू झाली आणि २० नोव्हेंबरला उठली. अडवायची होती ती शस्त्रं. लेबनॉनमध्ये नोंदलेलं ‘मारुक्ला’ हे मालवाहू जहाज अमेरिकी नौसैनिकांनी थांबवून तपासलं, शस्त्रं मिळाली नाहीत म्हणून पुढे सोडलं.

व्यापारी निर्बंध त्याआधीचे. ऑक्टोबर १९६० मध्ये अन्न आणि औषधं वगळता अमेरिकेची क्युबाला होणारी निर्यात थांबली, ७ फेब्रुवारी १९६२ पासून क्युबाचा माल घेणंही बंद झालं. तेव्हा क्षेपणास्त्रांचा पत्ताही नव्हता, त्यामुळे ‘क्षेपणास्त्रं आणली म्हणून निर्बंध आले’ हा युक्तिवाद तारखांपुढेच टिकत नाही. हेतूही लपलेला नाही. बहुसंख्य क्युबन तिथले तेव्हाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या पाठीशी आहेत, म्हणून पैसा आणि पुरवठा तोडून उपासमार व हताशा आणावी आणि सरकार पाडावं, असं अमेरिकी परराष्ट्र खात्यातले अधिकारी लेस्टर मॅलरी यांनी ६ एप्रिल १९६० च्या टिपणात लिहून ठेवलं आहे.

आता कोंबडीकडे येऊ. २००० सालच्या कायद्याने अमेरिकी शेतमाल क्युबाला विकता येतो, पण उधारीवर नाही. पैसे आगाऊ भरायचे, नाहीतर तिसऱ्या देशातल्या बँकेमार्फत व्यवहार करायचा. इतर आयातदार देश माल विकून मग बिल चुकवतात, क्युबाला मात्र डॉलर आधी जमवावे लागतात. डॉलर आटले की खरेदी आटते. १९९२च्या कायद्यानुसार व्यापारासाठी क्युबाच्या बंदरात गेलेलं जहाज पुढचे १८० दिवस परवान्याशिवाय अमेरिकेत माल चढवू-उतरवू शकत नाही. मग जहाजमालक एकतर नकार देतो, नाहीतर भाडं चढवतो. तिसऱ्या देशात बनलेल्या यंत्रात नियंत्रित अमेरिकी भाग १० टक्क्यांहून अधिक असतील, तर तेही क्युबाला परवान्याशिवाय पाठवता येत नाही. बँकांचं तर विचारूच नका. क्युबा, इराण आणि सुदान यांच्या व्यवहारांपायी २०१४ मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला सुमारे ८९० कोटी डॉलर भरावे लागले. तेव्हापासून अनेक बँका कायदेशीर रक्कमही हाताळायला कचरतात. समुद्रात एकही युद्धनौका न लावता हे सगळं घडतं.

बाजू घेणाऱ्यांनीही एक पथ्य पाळावं: प्रत्येक टंचाई निर्बंधांच्या माथी मारू नये. २००२ मध्ये १५६ पैकी ७१ साखर कारखाने बंद करायचं ठरलं ते हवानात. शेतीत पैसा न घालता हॉटेलं बांधायचंही तिथेच ठरलं. १ जानेवारी २०२१ रोजी देशात चालणाऱ्या दोन चलनांचं एकत्रीकरण करून डॉलरचा दर २४ पेसो ठरवला. पुरेसा माल आणि परकीय चलन हाताशी नसताना तो टिकणार नव्हताच, आणि २०२४ पर्यंत काळ्या बाजारात डॉलर ३०० पेसोंच्या पुढे गेला. हे झाकून ठेवलं तर समोरचा नेमकं तेच बाहेर काढतो आणि मग बँकांचा खरा मुद्दाही कोणी ऐकत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १९९२ पासून निर्बंधांविरुद्ध ठराव होत आले आहेत, भारतही बाजूने मत देतो, पण ते बंधनकारक नाहीत. अमेरिकी अध्यक्षाच्या हातीही थोडंच आहे. १९९६च्या हेल्म्स-बर्टन या अमेरिकी कायद्याने निर्बंध उठवण्याचा अधिकार अमेरिकी संसदेकडे गेला. ते उठवण्याच्या अटींत राजकीय कैद्यांची सुटका आणि निवडणुका आहेतच, शिवाय फिडेल किंवा त्यांचे भाऊ राऊल कॅस्ट्रो सरकारात नसावेत, असं नावानिशी लिहिलं आहे.