कृंतकांची शरीररचना व शरीरक्रिया : संशोधन

उंदीर, घूस, खार, साळिंदर, गिनीपिग, बीव्हर अशा कृंतक गणातील सस्तन प्राण्यांच्या शरीराची घडण आणि त्याचे कार्य यांचा अभ्यास. सस्तन प्राण्यांच्या ज्ञात जातींपैकी सुमारे ४० टक्के जाती या एकाच गणात मोडतात. तीन-चार ग्रॅम वजनाचा बलुची पिग्मी जर्बोआ आणि ५० किलोंच्या वर जाणारा दक्षिण अमेरिकेतला कॅपिबारा हे दोघेही कृंतकच. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरूही याच गणातला. ससा मात्र यात येत नाही. त्याच्या वरच्या पुढच्या दातांमागे आणखी एक छोटी जोडी असते व त्याचा गण विसाव्या शतकाच्या आरंभी वेगळा काढण्यात आला.

एवढ्या मोठ्या गणाचा अभ्यास मात्र कमालीचा एकांगी झाला आहे. उपलब्ध माहितीचा फार मोठा भाग घरउंदीर (मस मस्क्युलस) आणि तपकिरी उंदीर (रॅटस नॉर्व्हेजिकस) या दोन जातींचा, तोही त्यांच्या पाळीव, बहुधा पांढऱ्या वाणांचा आहे. बहुतेक संशोधकांना माणसाविषयी काहीतरी जाणून घ्यायचे होते. उंदराचे शरीर त्या ओघात कळत गेले. म्हणूनच उंदीर जिथे माणसासारखा निघत नाही, तिथे हा विषय सर्वांत रंगतदार होतो.

दात व जबडा

कृंतकाची ओळख दातांवरून पटते. वर आणि खाली पटाशीच्या दातांची एकेक जोडी, सुळे अजिबात नाहीत, मग बरीच मोकळी जागा आणि तिच्यामागे दाढा. घरातल्या उंदराला एकूण १६ दात असतात. पटाशीचे दात जन्मभर वाढत राहतात. तपकिरी उंदरात ही वाढ आठवड्याला साधारण २ ते ३ मिमी. असते. दाताच्या मुळाशी मूळपेशींचा साठा कायम असल्याने हे घडते आणि त्यामुळेच दात पुन्हा कसा उगवता येईल याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ उंदराच्या पटाशीकडे वळतात. एनॅमलचा कठीण थर या दातांच्या फक्त पुढच्या बाजूला असतो. मागचे मऊ दंतिन लवकर झिजते आणि दाताला धार आपोआप येत राहते. या दातांचा पिवळा-नारिंगी रंग मळाचा नसून एनॅमलमधल्या लोहाचा असतो. एखादा दात तुटला किंवा वाकडा आला, की समोरचा दात झिजेनासा होतो, वाढत जाऊन वळतो आणि प्राणी उपाशी मरतो. प्राणिगृहात दात पाहणे आणि गरजेनुसार कापणे हे म्हणूनच नेहमीचे काम आहे.

कुरतडताना खालचा जबडा पुढे सरकतो आणि दाढा एकमेकींना लागत नाहीत. चावताना तो मागे जातो आणि पुढचे दात सुटतात. ही दोन कामे करणारा मॅसेटर स्नायू कवटीवर कुठे चिकटतो, यावरून इंग्लंडचे जॉर्ज वॉटरहाउस (१८३९) आणि नंतर योहान ब्रांट (१८५५) यांनी गणाचे खारवर्गीय, साळिंदरवर्गीय आणि उंदीरवर्गीय असे गट पाडले. शे-दीडशे वर्षे पाठ्यपुस्तके याच चौकटीत लिहिली गेली. जनुकीय वंशावळी हाती आल्यावर या स्नायुरचना एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाल्याचे दिसले आणि वर्गीकरणाचा पाया म्हणून ती चौकट मोडली. कामाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व टिकून आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रतिकृतींच्या अभ्यासात खारीची कवटी कुरतडण्यात सरस ठरली, गिनीपिगची चावण्यात. उंदराची रचना या दोन्ही कामांत त्यांच्याहून कार्यक्षम निघाली. उंदीर जगभर कुठेही, काहीही खाऊन का टिकतो, याचे निदान एक कारण त्यात आहे.

पचन आणि न होणारी उलटी

उंदराच्या जठराचे दोन भाग असतात : पुढचा ग्रंथिहीन आणि मागचा पाचक रस स्रवणारा. पुढे उंडुक (लहान व मोठ्या आतड्याच्या जोडावरची पिशवी) बरेच मोठे असते व तिथे सूक्ष्मजीव तंतुमय अन्न आंबवतात. त्यातून तयार होणारी ब गटातली जीवनसत्त्वे वाया जाऊ नयेत म्हणून अनेक कृंतक आपली विष्ठा पुन्हा खातात. आहारावरचे जुने प्रयोग या सवयीने बरेच नासवले. पिंजऱ्याला जाळीचा तळ देऊनही ती पूर्ण थांबत नाही, कारण प्राणी विष्ठा थेट शरीराजवळूनच उचलतो.

जवळच्या जातींमधले फरकही मोठे आहेत. घरउंदराला पित्ताशय असते, तपकिरी उंदराला नसते. त्याचे पित्त सतत थेट आतड्यात उतरते. उंदीर क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात बनवतो, गिनीपिगला ते जमत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश हे बेरीबेरीचा अभ्यास करण्यासाठी गिनीपिगना नुसते धान्य खाऊ घालत होते. बेरीबेरी झालाच नाही, झाला तो स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. त्यांनी गिनीपिगऐवजी उंदीर घेतले असते तर हा शोध लागला नसता, आणि क जीवनसत्त्वाचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला असता.

उंदीर उलटी करू शकत नाही. २०१३ मध्ये कृंतकांच्या वेगवेगळ्या कुळांतल्या जातींवर वांती आणणारी औषधे वापरून पाहिली गेली. एकीलाही उलटी झाली नाही. मध्यपटलाचे स्नायू तुलनेने दुबळे, जठराचा आकार अडचणीचा आणि मेंदूच्या तळाशी उलटीचा समन्वय साधणारी यंत्रणाच प्रतिसाद न देणारी, अशी कारणे त्यातून पुढे आली. मळमळ मात्र त्याला होत असावी, कारण विषारी काही पोटात गेले की तो माती खाऊ लागतो. कर्करोगावरील औषधांनी होणाऱ्या मळमळीचा अंदाज आजही उंदराने किती केओलिन माती खाल्ली यावरून घेतात. प्रत्यक्ष उलटीचा अभ्यास करायचा तर दुसरा प्राणी लागतो, आणि १९८०च्या दशकात जपानी संशोधकांनी त्यासाठी निवडली ती आपल्या मोरीतली चिचुंद्री. लोक तिला उंदराची बहीण समजतात, पण ती कृंतक नाही, कीटकभक्षी आहे. आणि तिला व्यवस्थित उलटी होते.

शेतकऱ्याच्या हातातले उपायही याच उणिवेवर उभे आहेत. झिंक फॉस्फाईडपासून जठरातल्या आम्लामुळे फॉस्फीन वायू तयार होतो आणि उंदराला तो बाहेर टाकता येत नाही. पण थोडे खाऊन आजारी पडलेला उंदीर ती चव लक्षात ठेवतो आणि आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून विष घालण्याआधी दोन-तीन दिवस साधे आमिष ठेवण्याची पद्धत आहे. वॉरफरीनसारखी रक्त गोठू न देणारी विषे उशिरा लागू पडतात, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. परंतु त्यांना दाद न देणारे उंदीर स्कॉटलंडमध्ये १९५८ मध्येच आढळले आणि त्यामागचे जनुक २००४ मध्ये सापडले.

उष्णता, पाणी, प्राणवायू

लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असल्याने उष्णता झपाट्याने निसटते. घरउंदराचे हृदय मिनिटाला ५०० ते ७०० वेळा धडधडते. त्याला जास्तीची उष्णता निर्माण न करता आरामात राहता येईल असे तापमान ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचे. प्रयोगशाळा मात्र २० ते २४ अंशांवर ठेवल्या जातात, कारण तिथे कोट घालून माणसे काम करतात. म्हणजे जगातले बहुतेक प्रयोग कुडकुडणाऱ्या उंदरांवर होतात. त्यांचा तपकिरी मेद (उष्णता निर्माण करणारी चरबी) सतत जळत असतो, खाणे वाढलेले असते. अमेरिकेतील बफलो येथे २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात उबदार जागी ठेवलेल्या उंदरांमध्ये कर्करोगाच्या गाठींची वाढ मंदावलेली आणि प्रतिकारशक्ती अधिक सक्रिय दिसली. औषधाची चाचणी करताना खोलीचे तापमान नोंदवणे ही किरकोळ बाब नाही, हे त्यानंतर बऱ्याच जणांना पटले. उकाड्याची गोष्ट उलटी : उंदराला तळपाय सोडले तर घामाच्या ग्रंथी नाहीत, त्यामुळे तो शेपटीतून उष्णता सोडतो आणि फारच झाले तर अंगाला लाळ फासतो.

या बाबतीत रानटी जातींनी पाळीव उंदरांपेक्षा कितीतरी अधिक शिकवले आहे. ॲरिझोनाच्या वाळवंटातला कांगारू उंदीर पाणी न पिता कोरड्या बियांवर जगतो. क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या दांपत्याने १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून त्याचा हिशेब मांडला : बियांच्या चयापचयातून मिळणारे पाणी, थंड नाकपुड्यांत उच्छ्वासातून परत मिळणारी वाफ आणि माणसाच्या चौपट संहत मूत्र. वृक्कातील (मूत्रपिंडातील) हेन्लेचे लांबलचक वळसे, म्हणजे पाणी परत शोषून घेण्यास मदत करणाऱ्या वळणदार नलिका, या मूत्रामागे आहेत. उत्तर ध्रुवाकडील भूखार शीतनिद्रेत शरीराचे तापमान शून्याखाली उणे २.९ अंशांपर्यंत नेते आणि तरी तिचे रक्त गोठत नाही, हे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पूर्व आफ्रिकेतला केसहीन बिळउंदीर तर आजच्या संशोधनाचा लाडका आहे. वजन जेमतेम ३५ ग्रॅम, पण आयुष्य ३० वर्षांहून अधिक. त्याच आकाराचा घरउंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये दाखवले, की मधमाश्यांप्रमाणे त्यांच्या वसाहतीत एकच राणी प्रजनन करते. २०१७ च्या एका प्रयोगात हे प्राणी अजिबात प्राणवायू नसताना १८ मिनिटे तग धरून राहिले व नंतर पूर्ववत झाले. त्या काळात त्यांचा मेंदू ग्लुकोजऐवजी फ्रुक्टोजवर चालला होता. कर्करोग त्यांना होतच नाही असे बरेच दिवस लिहिले जाई. २०१६ पासून मोजकी उदाहरणे नोंदवली गेल्याने ते विधान आता ‘क्वचितच होतो’ असे करावे लागते.

प्रजनन

पाळीव उंदरीचा ऋतुकाल चार ते पाच दिवसांचा आणि गर्भकाळ तीन आठवड्यांचा असतो. पिले उघडी-वाघडी, डोळे मिटलेली जन्मतात. गिनीपिगचा गर्भकाळ दोन महिन्यांहून अधिक, आणि पिलू केसांसह, उघड्या डोळ्यांनी बाहेर येते. एवढे मोठे पिलू बाहेर यावे म्हणून मादीच्या ओटीपोटाचा सांधा सैल होतो. फ्रेडरिक हिसॉ यांना १९२६ मध्ये रिलॅक्सिन हे संप्रेरक याच अभ्यासातून सापडले. त्याआधी १९१७ मध्ये चार्ल्स स्टॉकार्ड आणि जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातल्या पेशींवरून ऋतुचक्र ओळखले होते. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आज होणारी पॅप चाचणी त्याच पद्धतीतून निघाली. एवढा इतिहास असूनही कित्येक दशके ऋतुचक्राने निकाल बिघडतील या भीतीपोटी प्रयोगांत नरच घेतले जात. २०१४ मध्ये अनेक जुन्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा घरउंदराच्या माद्यांमधील फरक नरांपेक्षा जास्त नसल्याचे दिसले.

मेंदू व ज्ञानेंद्रिये

प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराची नजर अधू असते. त्याचे जग वासाचे, मिशांचे आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या आवाजांचे आहे. धोका जाणवला की तो सुमारे २२ किलोहर्ट्झवर ओरडतो, खेळताना ५० किलोहर्ट्झच्या आसपास. थॉमस वूल्सी आणि हेंड्रिक व्हान डेर लूस यांनी १९७० मध्ये घरउंदराच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक वेगळा पुंजका असल्याचे दाखवले. जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदराच्या मेंदूत स्थाननिदर्शक पेशी (प्राणी ठरावीक जागी आला की चेतणाऱ्या) सापडल्या आणि मे-ब्रिट व एडवर्ड मोझर यांना २००५ मध्ये जाळीपेशी (जागेचा जाळीसारखा नकाशा आखणाऱ्या); तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

प्रमाण उंदराची घडण

शरीराची तुलना करायची तर प्राणी सारखे हवेत, या गरजेतून फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत १९०६ पासून पांढऱ्या उंदरांची वसाहत वाढवण्यात आली. तिथे हेन्री डोनाल्डसन यांनी वयानुसार मेंदूचे, अवयवांचे वजन मोजून तक्ते तयार केले. घरउंदराच्या बाबतीत मॅसॅच्युसेट्समधील ॲबी लॅथ्रॉप या शौकिया पैदासकार बाईंचे नाव घ्यायलाच हवे. त्यांनी विकलेल्या उंदरांपासून क्लॅरेन्स लिटल यांनी १९२१ मध्ये सी-५७ ब्लॅक हा वाण सुरू केला. घरउंदराचा जनुकसंच २००२ मध्ये आणि तपकिरी उंदराचा २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यांतला पहिला याच वाणाचा.

मुंबईतील शवविच्छेदने

भारतात उंदरांचे विच्छेदन सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाले ते प्लेगमुळे. १८९६ मध्ये मुंबईत साथ आली, जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रयोगशाळा थाटली आणि १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलली. आजची हाफकिन संस्था ती हीच. १९०५ मध्ये नेमलेल्या प्लेग संशोधन आयोगाने शहरभरातून उंदीर गोळा करून उघडून पाहिले. सुजलेल्या लसिका ग्रंथी, यकृतावरचे ठिपके, छातीच्या पोकळीत साठलेले पाणी आणि कातडीखालची लाली या खुणांवरून नुसत्या डोळ्यांनी प्लेग ओळखण्याची पद्धत इथे पक्की झाली. गटारातल्या तपकिरी उंदरांमध्ये साथ आधी पसरते, मग घरातल्या काळ्या उंदरांमध्ये (रॅटस रॅटस, घरउंदराहून वेगळी जात) आणि त्यानंतर माणसांत, हा क्रमही आयोगाने मांडला. काळ्या उंदराविषयी एवढी माहिती जमूनही प्रयोगशाळेत तो कधी रुजला नाही. चपळ, भित्रा आणि चावरा प्राणी पिंजऱ्यात पाळणे अवघड.

मर्यादा व नियम

थॅलिडोमाइड या औषधामुळे, ते गर्भवतींनी घेतल्याने, अनेक मुले व्यंग घेऊन जन्मली. हे व्यंग उंदरांत नीट दिसले नाही, सशात आणि माकडात दिसले. त्या दुर्घटनेनंतर गर्भावरील परिणाम तपासताना कृंतकासोबत दुसऱ्या गणातला एक प्राणीही घेण्याची पद्धत पडली. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांना १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि त्याखालील समितीचे नियम लागू आहेत. उंदीरही त्यात येतात आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. प्राणिगृहातल्या रोजच्या पाहणीत डोळ्यांच्या कडेला आलेला लालसर स्राव बघितला जातो. तो रक्त नसून डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीतले पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असते, आणि प्राणी आजारी किंवा ताणाखाली असल्याची ती खूण मानतात. २०२३ मध्ये औषध चाचणीच्या भारतीय नियमांत बदल होऊन पेशींपासून बनवलेले कृत्रिम अवयव आणि संगणकीय प्रतिकृती यांसारख्या प्राणीविरहित पद्धतींनाही जागा देण्यात आली.