सायकलीचा स्टँड आणि तिवईचा पाय

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. डावं पायडल गंजून बसलं होतं. सायकल जमिनीपासून वर उचलून धरणारा नवाकोरा, तीन पायांचा दुरुस्ती-स्टँड पार्किंगमध्ये उघडला, सायकल त्यावर चढवली, पाना लावला आणि जोर दिला. पायडल हललं नाही, पण स्टँड सायकलीसकट माझ्या अंगावर आला. मागचा गिअर ज्याला टांगलेला असतो तो हँगर वाकला आणि माझ्या पोटरीवर चेनरिंगच्या, म्हणजे पायडलजवळच्या दातेरी चकतीच्या, दातांची रांग उमटली. स्टँडच्या खोक्यावर ‘क्षमता ३० किलो’ असं छापलेलं होतं. माझी सायकल १४ किलोची. मग स्टँड पडला कसा?

खोक्यावरचा आकडा खरा होता. तीस किलो टांगले तरी नळ्या वाकणार नाहीत, पकड मोडणार नाही, एवढंच तो सांगत होता. पण घरगुती स्टँड मोडतात क्वचित, उलटतात मात्र सहज. आणि उलटणं नुसत्या वजनावर ठरत नाही, ते वजन कुठे आहे यावर ठरतं. दार कडेला बोटाने ढकललं तरी उघडतं, बिजागरीजवळ ढकलायला खांदा लावावा लागतो. जोर आणि अंतर यांचा हा गुणाकार म्हणजे आघूर्ण. शाळेत तो परीक्षेपुरता शिकलो होतो, पोटरीला बँडेज बांधून बसलो तेव्हा वहीत नीट मांडला.

आधी सायकलीचा गुरुत्वमध्य शोधला. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. प्रवासाच्या बॅगा मोजायचा लटकवायचा काटा असतो, त्याने पुढचं चाक जमिनीपासून जेमतेम उचलून वजन घ्यायचं, मग मागचं. माझ्या सायकलीचं पुढे ६.२ किलो आणि मागे ७.८ किलो भरलं. दोन्ही आसांमधलं अंतर १०५ सेंमी. म्हणजे मागच्या आसापासून १०५ गुणिले ६.२ भागिले १४, सुमारे ४६ सेंमी पुढे सगळं वजन एकवटलं आहे असं धरता येतं. पायडल ज्या दांड्यावर बसतं तो क्रँक. ही जागा त्याच्या आसाच्या किंचित पुढे येते. आता स्टँडची पकड सायकलीला धरते कुठे? सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या नळीला. ती नळी मागे कललेली असते, त्यामुळे पकडीची जागा मागच्या आसापासून फक्त २२ सेंमी पुढे पडते. पकड एकीकडे आणि वजन तिच्यापुढे २४ सेंमीवर. स्टँडवर चढवलेली सायकल नाक खाली घालते ती यामुळेच.

हे झालं पुढे-मागे. आडव्या बाजूलाही अंतर आहे. पायडल फिरायला जागा हवी म्हणून पकड स्टँडच्या खांबापासून बाहेर काढलेली असते, माझ्या स्टँडमध्ये ३० सेंमी. तेव्हा खांबापासून बघितलं तर सायकलीचं वजन ३० सेंमी बाजूला आणि २४ सेंमी पुढे, म्हणजे तिरपं मोजून ३८ सेंमीवर. स्टँडचं स्वतःचं ६ किलो वजन खांबाशी धरलं, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य खांबापासून २७ सेंमीवर येतो.

आता पाय. तिवईचे तीन पाय प्रत्येकी ६० सेंमी लांब, म्हणजे २७ सेंमी आरामात आत आहेत असं वाटतं. तिथेच फसगत होते. तिवई पायांवर उलटत नाही, दोन पायांची टोकं जोडणाऱ्या काल्पनिक रेषेवर उलटते. समभुज त्रिकोणात ही रेषा मध्यापासून पायाच्या निम्म्याच अंतरावर असते, ६० चे ३०. माझ्या दुर्दैवाने वजन नेमकं दोन पायांच्या मधल्या दिशेला होतं. उरलेली सुरक्षित जागा ३० वजा २७, फक्त ३ सेंमी. २० किलोच्या या डोलाऱ्याला एक मीटर उंचीवर ६०० ग्रॅमचा धक्का पुरत होता, आणि मी पान्यावर सगळा जोर टाकला होता.

हाच स्टँड जागच्या जागी ६० अंश फिरवला आणि एक पाय थेट वजनाच्या दिशेला, म्हणजे पुढच्या चाकाकडे तिरका वळवला, तर जवळच्या रेषेपर्यंतचं अंतर १६.५ सेंमी होतं. आता उलटायला ३ किलोहून अधिक जोर लागेल. काही विकत आणलं नाही, काही बदललं नाही, फक्त पाय फिरवला आणि स्थिरता साडेपाचपट झाली. मला तर ही भूमिती कळल्याचा आनंद स्टँड घेतल्याच्या आनंदापेक्षा मोठा वाटला.

याहून सोपा उपाय स्वयंपाकघरात मिळतो. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन पाण्याने भरायचा आणि वजनाच्या बरोबर विरुद्ध दिशेच्या पायाच्या टोकावर अडकवायचा. यासाठी तो एक पाय मागे आणि दोन पाय सायकलीकडे हवेत, म्हणजे मघाशी जी मांडणी धोक्याची होती तीच. पाच किलो पाणी ६० सेंमीवरून मागे खेचतं आणि गुरुत्वमध्य २७ वरून जेमतेम १० सेंमीवर येतो. ३ सेंमीची सुरक्षित जागा २० सेंमी होते. लांब पायाचा फायदा इथे कळतो. म्हणून दुकानात स्टँड बघताना मी आता खोक्यावरचे किलो वाचत नाही. खिशातून टेप काढतो आणि उघडलेल्या पायांचं एकमेकांपासूनचं अंतर आणि पकड खांबापासून किती बाहेर आहे ते मोजतो. पहिलं जितकं जास्त आणि दुसरं जितकं कमी, तितकं बरं. चार पायांचा स्टँड असेल तर रेषा पायाच्या ७० टक्क्यांवर जाते, पण आपल्याकडच्या पार्किंगच्या उताराच्या, खडबडीत फरशीवर चौथा पाय हमखास अधांतरी राहतो. तिवई कुठेही डगमगत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात.

तरीही गंजलेलं पायडल स्टँडच्या जिवावर सोडवायला जाऊ नये. पायडल साधारण ४० न्यूटन-मीटरने (पीळ मोजायचं एकक) आवळतात, गंजलं की त्याहून जास्त लागतं. १८ सेंमीच्या पान्यावर ४० न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास २३ किलोचा जोर. कोणतीही हलकी तिवई तो सहन करणार नाही, आणि तिने करायची गरजही नाही. पाना अशा कोनात लावायचा की पान्याची दांडी आणि क्रँक एकमेकांजवळ, कात्रीच्या पात्यांसारखी येतील, आणि मग दोन्ही एकत्र मुठीत दाबायची. हाताने पान्यावर दिलेला जोर आणि क्रँकवर दिलेला जोर समान आणि उलट, दोघांची बेरीज शून्य. पायडलला पूर्ण पीळ मिळतो, स्टँडला कळतही नाही. दिशा मात्र लक्षात हवी. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला उभा धरला, तर दोन्ही पायडलं मागच्या चाकाकडे फिरवल्यावर सुटतात.

आता पकडीकडे येऊ, कारण सायकलीचं सगळ्यात मोठं नुकसान तिथे होतं. सायकल स्टँडवर असताना पुढच्या चाकाला बाजूने धक्का लागला की ती सीटपोस्टभोवती गर्रकन फिरते. तुम्हीही अनुभवलं असेल. पुढचा आस पकडीपासून ८३ सेंमी लांब आणि सीटपोस्टची त्रिज्या १.३६ सेंमी. तिथे दिलेल्या २ किलोच्या धक्क्याला अडवायला पकडीत सव्वाशे किलोच्या आसपास घर्षण लागेल. मग आपण काय करतो, पकडीचा नॉब आणखी आवळतो. ३ सेंमी त्रिज्येचा नॉब आणि २ मिलिमीटर अंतराचे आटे असले, तर एका फेरीत बोटं जवळजवळ १९ सेंमी फिरतात आणि जबडा २ मिलिमीटर सरकतो. जोर कागदावर ९४ पट होतो. आट्यांच्या घर्षणात त्यातला बराचसा जातो, तरी नुसत्या बोटांनी शंभर किलोचा दाब सहज देता येतो.

सीटपोस्ट हा दाब सोसते, कारण ती बारीक व्यासाची आणि जाड असते. फ्रेमच्या नळ्या तशा नसतात. चांगल्या ॲल्युमिनियम फ्रेमची नळी मधल्या भागात साधारण एक मिलिमीटर जाडीची, आणि व्यासाने मोठी. कोल्ड्रिंकचा कॅन टोकांवर उभा ठेवला तर भार घेतो आणि मधे अंगठ्याने दाबला की चेपतो, तोच प्रकार. फ्रेम प्रवासातले भार नळीच्या लांबीच्या दिशेने घेण्यासाठी घडवलेली असते. कार्बनच्या नळीत तर चेपलेली जागा बाहेरून दिसेलच असं नाही, आत थर सुटलेले असू शकतात. म्हणून फ्रेमच्या दांडीला पकड लावू नका, कितीही सोयीचं वाटलं तरी. अपवाद आपल्या जुन्या काळ्या सायकलींचा. त्यांची दांडी पोलादी आणि दणकट, तिला मधे कापड गुंडाळून धरलं तर काही होत नाही. सीट खाली असेल आणि पकडीला जागा नसेल, तर सीटपोस्टवर चिकटपट्टीची खूण करून ती वर ओढा आणि काम झालं की खुणेपर्यंत परत खाली घ्या.

ज्यांच्या सीटपोस्ट गोल नाहीत किंवा कार्बनच्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळ्या जातीचा स्टँड मिळतो. त्यात क्रँकच्या खालचा भाग एका गादीवर टेकतो आणि पुढचा फोर्क चाक काढून बांधला जातो, किंवा मागचा. गुरुत्वमध्य क्रँकजवळच असतो हे वर पाहिलंच. त्यामुळे वजन जिथे आहे तिथेच आधार मिळतो, नाक खाली जाण्याचा प्रश्न मुळातच मिटतो. गैरसोय एवढीच की प्रत्येक वेळी एक चाक काढावं लागतं, आणि आसांचे प्रकार अनेक असल्याने आपल्या सायकलीला बसणारा जोडतुकडा त्यासोबत आहे का हे आधी विचारावं लागतं. घरात मुलांच्या, आईच्या, आपल्या अशा तऱ्हेतऱ्हेच्या सायकली असतील तर मी पकडीचाच स्टँड घ्यायला सांगेन.

पकडीच्या स्टँडवर चाक काढताना एक गंमत बघा. पुढचं चाक काढलं की नाकाकडचा भार जवळपास निम्म्यावर येतो, कारण ते चाक पकडीपासून सगळ्यात लांब असतं. मागचं काढलं तर उलट होतं. ते पकडीच्या मागच्या बाजूला पारड्यातल्या वजनासारखं काम करत असतं. ते निघालं की सायकल पुढे झुकायला बघते आणि ढिली पकड सरकते. मागचं चाक सोडवण्याआधी एक हात दांडीवर ठेवा.

फ्लॅटमध्ये जागा कमी, म्हणून भिंतीवर बसवायची पकड बऱ्याच जणांना खुणावते. उलटण्याची भीती नाही, हे खरं. पण तिथे तोच गुणाकार बोल्टवर येतो. सायकल भिंतीपासून ४० सेंमीवर आणि पट्टीच्या वरच्या व खालच्या बोल्टमध्ये २० सेंमी अंतर असेल, तर १४ किलोची सायकल वरच्या बोल्टना २८ किलोने भिंतीबाहेर ओढते. आपण जोर लावला की आणखी. भाजक्या विटांची नऊ इंची भिंत किंवा काँक्रीटचा कॉलम हे हसत सोसतो. नव्या इमारतींतल्या हलक्या एएसी ब्लॉकमध्ये मात्र साधा अँकर फास्टनर हळूहळू सैल होतो. शक्यतो कॉलम शोधा, नाहीतर त्या ब्लॉकसाठीचे वेगळे फास्टनर वापरा.

एवढा खटाटोप कशाला, सायकल सीट-हँडलवर उलटी ठेवली की झालं, असं अनेकांना वाटतं. पंक्चर काढायला ते पुरेसं आहे, मीही करतो. पण हँडलवरचे गिअरचे खटके जमिनीवर टेकलेले असताना गिअर लावणार कसा? आठ गिअरच्या सायकलीत मागच्या चाकावरच्या एका दातेरी चकतीपासून दुसरीपर्यंतचं अंतर ४.८ मिलिमीटर असतं, आणि चेन त्यावर नीट बसायला गिअर त्याच्याही छोट्या अंशाने सरकवावा लागतो. एका हाताने पायडल फिरवत, दुसऱ्याने खटका दाबत, डोळा चकत्यांच्या पातळीवर ठेवून हे काम होतं. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेलाच्या टाकीत हवा राहिली असेल, तर सायकल उलटी केल्यावर बुडबुडा नळीत शिरून ब्रेक भुसभुशीत होण्याची शक्यता असते.

आणि आपली पाठ. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकापासून जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. सरळ उभ्या माणसाचा दाब १०० धरला, तर उभ्याने पुढे वाकल्यावर तो १५० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ भरला. नंतरच्या मोजमापांत बसण्याचा आकडा कमी आला, पण वाकल्यावर दाब वाढतो हे तिथेही दिसलं. लहान पाटावर बसून, मान घालून तासभर ओव्हरऑइलिंग करणाऱ्या कारागिरांच्या कमरेचं काय होत असेल ते यावरून समजतं. आपल्या गल्लीतले कारागीर छताच्या वाशाला साखळी बांधून आकड्यावर सीट अडकवतात आणि उभ्याने चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढतात, ते याच अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. अमेरिकेत मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात हॉवर्ड हॉकिन्स आणि आर्ट एंगस्ट्रॉम हे दुरुस्तीच्या दुकानाचे मालकही वाकून वाकून कंटाळले होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हाताशी असलेल्या जुन्या सामानातून स्वतःसाठी एक स्टँड जोडला. त्यातूनच पार्क टूल ही सायकलीची हत्यारं बनवणारी कंपनी उभी राहिली.

म्हणून उंची जुळवता येणारा स्टँड घ्या, आणि तुमचं काम कोपराच्या उंचीवर येईल इतका तो वर जातो का, हे दुकानात उभं राहून तपासा. चेन धुण्यासाठी आणि मागचा गिअर लावण्यासाठी वेगवेगळी उंची लागते.

माझा तो स्टँड मी बदलला नाही. पार्किंगच्या खांबाजवळ फरशीवर पिवळ्या रंगाने तीन टिंबं काढली आहेत, तिवईच्या तीन पायांसाठी. पुढच्या चाकाकडच्या टिंबाला बाण आहे. शेजारची दहावीतली मुलगी रविवारी तिची सायकल घेऊन येते, पाय टिंबांवर ठेवते, जुन्या ट्यूबच्या पट्टीने पुढचं चाक फ्रेमला बांधते आणि मगच पाना हातात घेते. परवा तिनेच विचारलं, “काका, तुमच्या सायकलीला मागे कॅरिअर नाही, माझ्या सायकलीला आहे. मग माझा बाण थोडा फिरवायला नको का?” आम्ही काटा आणला, पुढचं-मागचं वजन घेतलं. तिच्या सायकलीचा गुरुत्वमध्य माझ्या सायकलीपेक्षा ५ सेंमी मागे निघाला. आता तिथे चौथं टिंब आहे, निळं.