चाळीसपैकी किती बरोबर आले म्हणजे मानायचं?

पत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते, हा दावा तपासता येतो. पुण्यात २००८ साली तो तपासलाही गेला. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका घेऊन ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या. कोणती पत्रिका कुठल्या गटातली, एवढंच ओळखायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवून ५० टक्के येतात.

निकालापेक्षा आखणी बघण्यासारखी आहे. प्रश्नाला दोनच उत्तरं होती, त्यामुळे 'त्रास संभवतो, पण मार्ग निघेल' अशी पळवाट नव्हती. आणि ४० पैकी किमान २८ बरोबर आले तरच दखल घ्यायची, हे आधीच ठरलं होतं. २८ का? नुसत्या अंदाजाने साधारण २० बरोबर येतात. १७ ते २३ म्हणजे तर रोजचंच. २८ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. घरच्या अनुभवात हीच मोजणी होत नाही. चार भाकितांपैकी किमान तीन खरी ठरणं भारी वाटतं खरं, पण नाणं उडवलं तरी हे सोळात पाच वेळा घडतं.

या चाचणीत सर्वांत वरचा आकडा २४ होता. 'अमुक ज्योतिषी ६० टक्के अचूक' अशी जाहिरात त्यावर सहज करता आली असती. तेव्हा विचारायचं: परीक्षेला बसले किती? सत्तावीस जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी तीन-चार जण २४ किंवा त्यापुढे गेले असते. इथे एकच गेला!

हाच हिशेब २८ लाही लावायला हवा, आणि इथेच बरेच जण घसरतात. एकट्यासाठी कठीण असलेली ही रेघ सत्तावीस जणांपैकी कुणीतरी निव्वळ नशिबाने ओलांडण्याची शक्यता जवळपास पाचात एक आहे. म्हणून कुणी २८ गाठले, तर लगेच हार घालायचे नाहीत. नव्या ४० पत्रिका द्यायच्या. जन्मवेळ चुकली, गट नीट निवडले नाहीत, या हरकती खऱ्या उत्तरांचं बंद पाकीट फोडण्याआधी लेखी घ्यायच्या. निकालानंतर आठवलेली हरकत पुढच्या चाचणीसाठी राखून ठेवायची. नाणं उडवणारा एकच माणूस दोन्ही फेऱ्यांत २८ गाठेल, अशी शक्यता लाखात सातेक.