पांढऱ्या धुराच्या आधीचे पोप आणि त्यांच्या निवडणुका

८ मे २०२५ ला सिस्टिन चॅपेलच्या धुराड्यातून पांढरा धूर आला, लिओ चौदावे पोप झाले, आणि त्या दोन दिवसांत आपल्याकडच्या चॅनेलवरसुद्धा तेच चालू होतं, १३३ कार्डिनल (पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू) आत कोंडलेले, मोबाईल बंद, बाहेरच्या जगाशी संपर्क नाही, चौकात ही गर्दी. एवढी कडक शिस्त कशासाठी, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. त्याचं उत्तर पोपपदाच्या पहिल्या पाचशे वर्षांत आहे, आणि तो काळ इतका मजेदार आहे की चर्चच्या इतिहासात ज्यांना अजिबात रस नाही त्यांनीसुद्धा एकदा वाचावाच.

फक्त कार्डिनलांनीच पोप निवडायचा हे ठरलं १०५९ मध्ये. त्याआधी रोममधले धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे चर्चचे सेवक) आणि साधी माणसं मिळून आपला बिशप निवडायची. तोच पोप. त्याला ना व्हॅटिकन होतं ना राजवाडा, उलट सम्राटाची नजर फिरली की मान जायची. परंपरेने पहिला पोप मानला जाणारा पीटर गालीलचा कोळी, लग्न झालेला, त्याच्या सासूचा ताप येशूने उतरवला असं बायबलमध्येच आहे. त्याच्यानंतरच्या मंडळींबद्दल माहिती इतकी तोकडी की क्लीटस आणि अॅनाक्लीटस हे बहुतेक एकाच माणसाचं नाव असावं, पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अधिकृत यादीत ते दोन वेगळे पोप म्हणून मोजले जात होते.

खरी मजा येते ती कॅलिक्स्टसपासून. साधारण २१७ ते २२२ हा पोप होता, पण त्याआधी तो गुलाम होता. कार्पोफोरस नावाच्या ख्रिश्चन मालकाने त्याला भांडवल देऊन रोममध्ये बँक चालवायला बसवलं, मालकाच्या नावावर विश्वास ठेवून विधवांनी, गोरगरिबांनी आपली पुंजी आणून ठेवली आणि पतपेढी बुडते तशी ती सगळी बुडाली. मालक हिशोब मागणार म्हटल्यावर कॅलिक्स्टस पळाला तो थेट पोर्टस बंदरात, सुटायच्या बेतात असलेल्या जहाजावर चढून बसला, पण मालकाला पत्ता लागला, आणि तो होडीतून येतोय हे दिसल्यावर याने सरळ समुद्रात उडी टाकली. खलाशांनी बाहेर काढलं आणि मालकाच्या ताब्यात दिलं. मालकाने त्याला जातं ओढायला जुंपलं. मग ज्यांचे पैसे बुडाले तेच लोक मालकाकडे रडत आले की याला सोडा, लोकांकडे उधारी अडकलीय म्हणतो, सुटला तर निदान वसूल तरी करेल. सुटल्यावर हा शनिवारी ज्यूंच्या प्रार्थनास्थळात प्रार्थना चालू असताना जाऊन उभा राहिला, तिथे मारामारी झाली, नगरप्रमुखासमोर केस उभी राहिली, फटके पडले आणि रवानगी झाली सार्डिनियाच्या खाणीत.

तिथून तो कसा सुटला ते तर ऐकण्यासारखंच आहे. सम्राट कॉमोडसची रखेल मार्शिया हिला ख्रिश्चनांबद्दल आपुलकी होती, तिने तेव्हाचे पोप व्हिक्टर यांच्याकडून सार्डिनियातल्या ख्रिश्चन कैद्यांची लिस्ट मागवली आणि सुटकेचं पत्र मिळवून दिलं. लिस्टमध्ये कॅलिक्स्टसचं नाव नव्हतं! व्हिक्टरने मुद्दाम घातलं नव्हतं. पण पत्र घेऊन आलेल्या माणसाच्या पायाशी बसून हा इतका रडला की त्याने खाणीच्या अधिकाऱ्याला गळ घालून यालाही सोडवलं. व्हिक्टरला हे आवडलं नाही, पण स्वभाव मऊ, त्याने याला रोमपासून लांब अँटियम गावी ठेवलं आणि महिन्याचा खर्च लावून दिला. पुढच्या पोपने बोलावून घेतलं, अप्पियन रस्त्यावरची दफनभूमी सांभाळायला दिली, आणि शेवटी हाच माणूस पोप झाला. ती भूमिगत दफनभूमी आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते, तिथे तिसऱ्या शतकातले नऊ पोप पुरले होते.

आता हे सगळं सांगतो कोण, तर हिप्पोलिटस, त्याचा कट्टर विरोधक. हा मोठा विद्वान, कॅलिक्स्टस निवडून आल्यावर इतका चिडला की स्वतःचा वेगळा गट काढून बसला, म्हणून परंपरेत त्याला पहिला अँटीपोप, म्हणजे खऱ्या पोपसमोर उभा राहिलेला प्रतिस्पर्धी पोप म्हणतात. त्यामुळे वरच्या हकिकतीत तिखटमीठ किती हे ज्याने त्याने ठरवावं. १८४२ मध्ये अॅथोस पर्वतावरच्या मठातून याचं हस्तलिखित बाहेर आलं, तोपर्यंत शतकानुशतकं लोक संत कॅलिक्स्टसची प्रार्थना करत होते आणि बँकेची भानगड कुणालाच माहीत नव्हती. हिप्पोलिटसचा राग कशावर होता तेही बघा, कॅलिक्स्टस म्हणायचा की व्यभिचारासारखं पाप केलेल्यालाही पश्चात्ताप झाला तर परत घ्यायचं, आणि मोठ्या घरच्या बाईने गुलामाशी संसार मांडला तर तेही लग्नच. ज्याने स्वतः जातं ओढलंय, खाण पाहिलीय, तो असंच म्हणणार ना. मला तर हा सगळ्या जुन्या पोपांत सगळ्यात जवळचा वाटतो. पुढे २३५ मध्ये नवीन सम्राटाने हिप्पोलिटस आणि तेव्हाचे पोप पोंटियन या दोघांना एकदमच त्याच सार्डिनियाला पाठवलं, दोघंही वनवासातच गेले, त्यांचे देह रोमला आणले, आणि चर्चमध्ये दोघांचाही सण एकाच दिवशी असतो, १३ ऑगस्टला. पोंटियनने जाताना २८ सप्टेंबर २३५ ला पद सोडलं, पोपांच्या इतिहासातली ही पहिली पक्की तारीख समजली जाते. म्हणजे पहिली नक्की तारीख मिळते ती राजीनाम्याची.

लगेच पुढच्याच वर्षी फेबियनची निवड. हा गावाकडून आलेला, निवडणूक चालू होती तिथे इतरांबरोबर उभा होता, मोठमोठी नावं चर्चेत होती, याचं नाव कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तेवढ्यात एक कबुतर येऊन याच्या डोक्यावर बसलं आणि सगळे ओरडायला लागले, हाच हाच! असं चर्चचा जुना इतिहासकार युसेबियस याने लिहून ठेवलंय. आणि गंमत म्हणजे कबुतराची निवड उत्तम निघाली, फेबियनने रोमचे सात विभाग पाडून प्रत्येक विभागाला एक डीकन नेमला, चौदा वर्षं चांगला कारभार केला आणि २५० मध्ये डेशियस सम्राटाच्या छळात मारला गेला.

त्यानंतर वर्षभर निवडणूक घ्यायचीच कुणाची हिंमत नव्हती, आणि घेतली तेव्हा कॉर्नेलियस निवडून आला आणि रोममधलाच दुसरा धर्मगुरू नोव्हेशियन रुसला. कॉर्नेलियसने अँटिओकच्या बिशपला लिहिलेलं पत्र टिकलंय आणि ते वाचताना माणूस किती तापला होता ते कळतं. तो लिहितो की नोव्हेशियनने इटलीच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून तीन साधेभोळे बिशप फसवून बोलावले, कोंडून ठेवले, भरपूर दारू पाजली आणि दुपारी चारच्या सुमाराला ते पार झिंगलेले असताना जबरदस्तीने आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून स्वतःला बिशप करून घेतलं. एक जण नंतर रडत परत आला. पुढे तर कहरच, मिस्साच्या वेळी ख्रिस्तप्रसाद देताना नोव्हेशियन समोरच्या माणसाचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवायचा आणि ‘मी कॉर्नेलियसकडे परत जाणार नाही’ अशी शपथ घेतल्याशिवाय सोडायचाच नाही, त्यामुळे लोक आमेन म्हणायच्या जागी ती शपथ म्हणायचे. याच पत्रात कॉर्नेलियस रोमच्या चर्चचा सगळा हिशोब देतो, ४६ धर्मगुरू, ७ डीकन, ५२ भूत उतरवणारे आणि वाचक-दारवान मिळून, आणि पोसायला १५०० हून जास्त विधवा आणि गरजू. भांडणाच्या पत्रात हा आकडा सापडतो म्हणून मला ते पत्र जास्तच आवडतं, एवढ्या धामधुमीत ही माणसं दीड हजार जणांच्या जेवणाची काळजी वाहत होती.

चौथ्या शतकात सम्राटच ख्रिश्चन झाले आणि पोपपदाला भाव आला. कॉन्स्टँटियस सम्राटाने पोप लिबेरियसला हद्दपार करून त्याच्या जागी फेलिक्सला बसवलं, पण लोकांना फेलिक्स नको होता, ते सम्राट ३५७ मध्ये रोमला आल्यावर त्याच्या मागेच लागले, तेव्हा त्याने तोडगा काढला की दोघंही मिळून पोप राहा. हे फर्मान सर्कसमध्ये, म्हणजे रथांच्या शर्यतीच्या मैदानात वाचून दाखवलं. प्रेक्षक म्हणाले वा, शर्यतीत दोन रंगांचे दोन पक्ष असतातच, आता प्रत्येक पक्षाला एक एक बिशप! आणि मग सगळ्यांनी एका आवाजात घोषणा दिली, एक देव, एक ख्रिस्त, एक बिशप.

लिबेरियस गेल्यावर ३६६ मध्ये मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. डॅमसस आणि उर्सिनस दोघांच्या माणसांत अशी दंगल पेटली की नगरप्रमुख शहराबाहेर जाऊन राहिला आणि एका बॅसिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, एका दिवसात १३७ प्रेतं पडली, हे अॅमियानस या बिगरख्रिश्चन इतिहासकाराने लिहिलंय. तोच म्हणतो की या पदासाठी माणसं भांडणार नाही तर काय, जिंकला की बायकांच्या देणग्या, रथातून फिरणं आणि राजाला लाजवतील अशा मेजवान्या. डॅमससला विरोधकांनी नाव ठेवलं होतं बायकांचं कानकोरणं, म्हणजे त्यांच्या कानाला गोड लागेल असं बोलणारा. प्रीटेक्स्टाटस नावाचा जुन्या देवांचा मोठा भक्त, तो डॅमससला म्हणायचा, मला रोमचा बिशप करा, मी लगेच ख्रिश्चन होतो. पण याच डॅमससने जेरोम या विद्वानाला बायबलचं लॅटिन भाषांतर नीट करायला बसवलं आणि हुतात्म्यांच्या थडग्यांवर स्वतः कविता रचून सुंदर अक्षरात कोरून घेतल्या, हेही तेवढंच खरं.

४१८ च्या डिसेंबरात परत तेच. डीकन लोकांनी लॅटेरन चर्च, म्हणजे पोपचं स्वतःचं मुख्य चर्च, ताब्यात घेऊन युलालियसला निवडलं, धर्मगुरूंनी बोनिफेसला. सम्राट होनोरियसने सांगितलं, निकाल लागेपर्यंत दोघांनीही रोमच्या बाहेर राहायचं. बोनिफेस गप्प बसला. युलालियसला ईस्टरचा मान सोडवेना, तो ४१९ च्या मार्चमध्ये शहरात घुसला, लॅटेरन परत बळकावलं, आणि तिथेच केस हरला. सम्राटाने मग नियमच केला की इथून पुढे दोघं निवडून आले तर दोघंही बाद.

नियम कागदावर राहिला. २२ नोव्हेंबर ४९८ ला एकाच दिवशी सिमॅकस लॅटेरनमध्ये आणि लॉरेन्शियस सेंट मेरी मेजरमध्ये पोप झाला, आणि दोघं न्याय मागायला गेले कुणाकडे तर राव्हेन्नाला गॉथ राजा थिओडोरिककडे, जो त्यांच्या पंथाचाच नव्हता. त्याने साधा निकाल दिला, ज्याची निवड आधी झाली किंवा ज्याच्या बाजूने जास्त माणसं तो पोप. सिमॅकस जिंकला आणि त्याने ४९९ च्या मार्चमध्ये सभा भरवून ठराव केला की पोप जिवंत असताना पुढच्या पोपसाठी कुणी मतं जुळवायची नाहीत, वचनं द्यायची-घ्यायची नाहीत. थोड्या वेगळ्या शब्दांत ही बंदी आजच्याही नियमांत आहे. त्या ठरावावर खुद्द लॉरेन्शियसने सही केली, त्याला नुसेरियाचं बिशपपद मिळालं, आणि दोन-तीन वर्षांत तो परत रोमला येऊन लॅटेरनमध्ये ठाण मांडून बसला, ते चांगली चार वर्षं.