शीतगृह : आखणी व बांधणी

फळे, भाज्या, मासे, दूध यांसारखा नाशवंत माल ठरावीक तापमानात व आर्द्रतेत टिकवण्यासाठी बांधलेली, यंत्राने थंड राखली जाणारी इमारत.

यांत्रिक शीतनाचे श्रेय कोणाला द्यावे, याविषयी मतभेद आहेत. ऑलिव्हर एव्हान्स यांनी १८०५ मध्ये बंद चक्राची (तोच द्रव पुन्हापुन्हा वाफेत व परत द्रवात बदलून थंडावा मिळवण्याची) कल्पना मांडली, पण यंत्र बांधले नाही. जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडनमध्ये एकस्व (पेटंट) घेतले. त्याचा उद्योगात प्रसार झाला नाही. ऑस्ट्रेलियात जीलाँग येथे जेम्स हॅरिसन यांची ईथरवर चालणारी यंत्रे १८५० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष कामास लागली. अमोनियाच्या कॉम्प्रेसरबाबत डेव्हिड बॉइल यांचे एकस्व (१८७२) आधीचे दिसते. तथापि कार्ल फोन लिंडे यांची, मुख्यतः मद्यनिर्मितीसाठी बनवलेली यंत्रे अधिक पसरली. उद्योगात टिकलेले यंत्र हा निकष धरल्यास हॅरिसन व लिंडे यांचे पारडे जड ठरते.

आखणीचा आरंभ मालापासून होतो. केळी सु. १३° से.खाली काळी पडतात. द्राक्षांना ०° से.च्या आसपासचे तापमान आणि ९० टक्क्यांवर आर्द्रता लागते. कांद्याला थंडावा चालतो, पण आर्द्रता ६५ ते ७० टक्केच हवी. बटाटा फार थंड ठेवल्यास त्यातील स्टार्चची साखर होते आणि तळताना वेफर काळपट पडतात, म्हणून बियाण्याचा व वेफरचा बटाटा एका खोलीत ठेवत नाहीत. गोठवलेल्या मासळीसाठी −१८° से. किंवा त्याहून कमी तापमान राखतात. यंत्राची क्षमता ठरवताना भिंतींतून येणारी उष्णता, मालाची मूळ उष्णता, फळांच्या श्वसनाची उष्णता, दार उघडल्यावर शिरणारी हवा आणि पंखे, दिवे, माणसे यांचा भार मोजतात. भारतात एक टन मालामागे खोलीचे ३.४ घनमीटर आकारमान धरण्याची रूढी आहे.

उष्णतेच्या हिशोबापेक्षा बाष्पाचा हिशोब अधिक अवघड असून शीतगृहाचे आयुष्य बहुधा त्यावरच ठरते. ३२° से. व ७० टक्के आर्द्रतेच्या किनारी हवेत बाष्पदाब सु. ३.३ किलोपास्कल असतो, −१८° से.च्या खोलीत तो फार तर ०.१२. या फरकामुळे बाष्प भिंतीतील प्रत्येक फटीतून आत ओढले जाते आणि उष्णतारोधकात गोठते. पफचा (पॉलियुरेथेन फोमचा) थर (उष्णतावाहकता सु. ०.०२३ वॅट प्रति मीटर केल्विन) कोरडा असेपर्यंतच उपयोगी, बर्फाची वाहकता त्याच्या जवळजवळ शंभरपट असते. म्हणून बाष्परोधक थर नेहमी उबदार, म्हणजे बाहेरच्या बाजूस देतात व तो कोठेही तुटू देत नाहीत. पॅनेलचे सांधे, पाइप भिंतीतून जातात ती भोके आणि छत व भिंत यांचा जोड ही खरी कमकुवत स्थाने आहेत. दोष आतून दिसत नाही. वीजबिल वाढू लागते तोवर भिंत भिजलेली असते. पूर्वी कॉर्क व डांबर, नंतर थर्माकोल वापरत. नव्या बांधकामांत तयार पफ पॅनेल रूढ झाली आहेत.

शून्याखालील खोल्यांत जमिनीचीही काळजी घ्यावी लागते. फरशीखालील ओली माती गोठून फुगते आणि काँक्रीट उचलून तडकवते. त्यासाठी उष्णतारोधकाखाली हवा खेळवणारे नळ किंवा तापक तारा घालतात. दार बंद झाल्यावर आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते व भिंतींवर बाहेरून दाब येतो. तो सम करणारी झडप बसवणे आवश्यक असते.

मोठ्या शीतगृहांत अमोनिया हाच शीतक (यंत्रात फिरून उष्णता बाहेर नेणारा पदार्थ) प्रचलित आहे. तो स्वस्त व कार्यक्षम असून ओझोन थराला घातक नाही, पण विषारी आहे आणि तांब्याला खातो. म्हणून नळ पोलादी असतात. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या माँट्रियल करारानंतर कृत्रिम शीतकांवर मर्यादा येत गेल्याने त्याचे महत्त्व टिकले.

भारतातील क्षमतेचा मोठा भाग बटाट्यासाठी असून तो उत्तर प्रदेश व पश्चिम बंगालमध्ये एकवटला आहे. महाराष्ट्रात निर्यातीच्या द्राक्षांसाठी नाशिक भागात पूर्वशीतन कक्ष, तर सांगली-तासगाव भागात बेदाण्याची शीतगृहे आढळतात. पूर्वशीतनात काढणीनंतर काही तासांतच द्राक्षांतील शेतातली उष्णता वेगाच्या थंड हवेने काढून घेतात. साठवणीच्या खोलीचे यंत्र इतक्या जलद शीतनासाठी योजलेले नसते, म्हणून पूर्वशीतन कक्षाचा भार स्वतंत्रपणे मोजावा लागतो.